हेलसिंकीत एकच दिवस असेल तर खडकातलं टेम्पेलिआउकिओ चर्च बघावं का?

तुमच्या यादीत सुओमेनलिन्नाचा किल्ला आणि चौकातलं पांढरं कॅथेड्रल आधीच आहे, आणि या आधुनिक चर्चसाठी तास-दीड तास काढावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर काढा. वेळ कमी पडलाच तर कॅथेड्रल बाहेरून बघा, पण हे चर्च आत बसून बघा.

मी आईला घेऊन गेले होते. स्टेशनापासून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. रस्ता थेट दारापाशी नेतो, तरी चर्च दिसत नाही. चारी बाजूंनी राहत्या इमारती, मधे खडकाचा उंचवटा, त्यावर रचलेले धोंडे आणि जेमतेम डोकावणारा घुमट. मनोरा नाही, घंटाही नाही. घंटानाद ध्वनिमुद्रित आहे, तो स्पीकरवरून लावतात. आईला वाटलं आपण चुकलो.

बुटक्या, अंधाऱ्या प्रवेशातून आत गेलो आणि एकदम उजेड आला. आई तिथेच थांबून म्हणाली, "अगं, हे तर आपलं पाताळेश्वर!"

मला तोवर हे सुचलं नव्हतं, आणि पुण्यात आमचं घर जंगली महाराज रोडपासून दहा मिनिटांवर आहे. तिथलं पाताळेश्वराचं लेणंही असंच जमिनीच्या पोटात, रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही असं. पुढचा नंदीमंडपही गोल. फरक एवढाच की आठव्या शतकातल्या आपल्या कारागिरांनी छतासकट सगळं काळ्या पाषाणातून कोरून काढलं. टिमो आणि टुओमो सुओमालाइनेन या वास्तुकार भावांनी खडक वरून फोडून खळगा केला आणि वर २४ मीटर व्यासाचा घुमट बसवला. घुमट आतून तांब्याच्या पट्टीनं मढवलाय. घुमट आणि खडक यांच्या मधल्या फटीत १८० काचा आहेत, त्यांतून ऊन भिंतींवर उतरतं. आपल्याकडे टाकीचे घाव दिसतात, तिथे सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या उभ्या खुणा. त्या त्यांनी घासून काढल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

भिंती उघड्या राहिल्या त्याचीही गोष्ट आहे. या भावांनी १९६१ साली स्पर्धा जिंकली, पण त्या आराखड्यात उघडा खडक नव्हता. परीक्षकांना तो झेपणार नाही असं त्यांना वाटलं होतं. पुढे वाद्यवृंदाचे संचालक पावो बर्गलुंड आणि ध्वनितज्ज्ञ माउरी पार्यो यांच्याशी बोलताना लक्षात आलं, की उत्तम आवाजासाठी जसा पृष्ठभाग हवा तसा तो ओबडधोबड खडक आहेच. १९६९ मध्ये चर्च उघडलं. आज तिथे मैफली होतात त्या या भिंतींमुळे. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी पियानोचा सराव करत होतं. एकेक सूर स्वच्छ ऐकू येत होता, कुठेही घुमत नव्हता. आई अर्धा तास डोळे मिटून बसली. परत आल्यावर पाताळेश्वरात गाभाऱ्यासमोर तिनं हलक्या आवाजात शिवस्तुती म्हटली, तेव्हा लहानपणापासून तिथे जाणारी मी त्या दगडातला आवाज पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला.

आता कामाचं. पर्यटकांना तिकीट आहे. प्रार्थना, लग्न किंवा कार्यक्रम असेल तेव्हा आत सोडत नाहीत, म्हणून त्या दिवसाची वेळ आधी बघून ठेवा. सहलींच्या बसेस आल्या की गर्दी होते, शक्यतो उघडल्या उघडल्या पोचा. ऊन असेल तर सोन्याहून पिवळं, पण ढग असले म्हणून बेत रद्द करू नका. आधी खाली बाकावर बसा, फोटो नंतर. वेदीच्या मागे चित्र किंवा मूर्ती शोधू नका, तिथे हिमयुगातली खडकातली भेग आहे तशीच ठेवलीय. मग गॅलरीत जा, तिथून घुमट जवळून दिसतो. आणि निघताना बाहेरून खडकावर चढायला विसरू नका. तिथे तिकीट नाही.