भातलावणीला कंबर धरते, मग यंदा खाचरात उतरू का नको?

वळवाचे दोन शिंतोडे पडले की आमच्या मावळात एक प्रश्न हमखास येतो: "म्याडम, दरसाल लावणीत कंबर धरती. यंदा उतरू का नको?" विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीतल्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तालुक्याच्या गावात बसते. व्यायाम शिकवायला जितका वेळ जातो, तितकाच नुसतं बोलण्यात जातो. अशाच एका मावशींची हकिगत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मावशी सत्तेचाळीसच्या. सून बरोबर, हातात एक्स-रेचं पाकीट, कमरेला पट्टा. तीन पावसाळे ओळीनं तेच चाललेलं. लावणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर आखडायची आणि पुढचा आठवडा अंथरुणात. मध्ये कुणीतरी फिल्म उजेडात धरून "मणक्यात गॅप आलाय" असं सांगितलं होतं. त्या गॅपनं त्यांचा सगळा धीर खाल्ला होता. वाकलं की गॅप वाढणार आणि एक दिवस पाय लुळे पडणार, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. म्हणून दिवाळीपासून धुणं, पाण्याचे हंडे, जळण सगळं सोडलेलं. फक्त पहाटेचं अंगण झाडणं मात्र त्यांनी सुनेला दिलं नव्हतं.

आधी तपासलं. पायातली ताकद, बोटांची संवेदना, लघवीवरचा ताबा, सगळं ठीक. हे तपासल्याशिवाय कुणालाही व्यायाम देऊ नये. पाऊल लुळं पडत असेल, बसतो त्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, अशा वेळी माझ्यासारखीकडे वेळ घालवायचा नाही. मावशींचं यातलं काही नव्हतं. मणक्यांमधल्या चकत्या वयानुसार थोड्या झिजतात, आणि ज्यांची कंबर जन्मात दुखली नाही अशा पन्नाशीच्या माणसांच्या फिल्ममध्येही ही झीज दिसते, हे सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. बसेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. एका बैठकीत गॅप मनातून निघत नाही.

मग म्हटलं, "मावशी, लावणी कशी करता ते दाखवा." त्या हसल्या, पण नऊवारीचा काष्टा सावरून फरशीवर उभ्या राहिल्या. डाव्या हातात रोपांची मूठ धरल्यासारखं केलं, उजव्या हाताची बोटं फरशीत खुपसत मागं मागं सरकू लागल्या. गुडघे ताठ, वाकणं सगळं कमरेतून. आणि डावं कोपर हवेत. जुन्या बायका डावं कोपर मांडीवर टेकवून लावतात, त्यानं धडाचा बराच भार मांडीवर उतरतो. "टेकवत का नाही?" म्हटलं. "हात मंद व्हतो. बाकीच्या म्होरं जात्यात, मी मागं ऱ्हाते."

असं पूर्ण वाकून राहिलं की पाठीचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि धडाचा भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर लटकतो. वीस मिनिटं तसंच राहिलं तर ते थोडे ताणले जातात, आणि उभं राहिल्याबरोबर लगेच मूळ जागी येत नाहीत; अर्ध्या तासानंतरही थोडी ढिलाई उरते. त्याच ढिल्या कमरेनं रोपांचं ओझं उचललं की उसण भरते. त्यात रात्रभर झोपल्यावर चकत्यांनी पाणी धरलेलं असतं, त्या फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावरचा पहिला तास खाली वाकायला सगळ्यात वाईट. मावशींचा दिवस सुरू व्हायचा तो केरसुणी घेऊन वाकण्यानं. सून एवढं ऐकून म्हणाली, "मी सांगतच होते." मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लोक पावसाला, गारव्याला दोष देतात. गार, ओल्या अंगानं स्नायू आखडतात हे खरं, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की सात-आठ महिने जे अंग या कामाला वाकलंच नाही, त्याला एका सकाळी आठ तास वाकवलं जातं. मावशींच्या बाबतीत तर भीतीनं उन्हाळाभर जपलेली कंबरच जुलैत जास्त कच्ची ठरत होती. त्यांना म्हटलं, "जत्रेतल्या फडात उतरणारा पैलवान त्याच सकाळी पहिली बैठक मारतो का?" हे मात्र पटलं. त्यांचे वडील तालमीतले होते.

"लावणीला जाऊ नका" हा सल्ला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी. आमच्याकडे अजून इर्जिक चालते. आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी. जी बाई येत नाही तिच्या रानात कुणी येत नाही. मजूर लावायचा तर मजुरी परवडत नाही, आणि रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की थांबतही नाही. त्यामुळे मावशींशी बोलणं झालं ते इर्जिकीत राहून काय बदलता येईल याचं. रोप उपटायचं काम बसून होतं, लावायचं वाकून. पहिले दोन दिवस दुपारपर्यंत राबावर, म्हणजे रोपं वाढवतात त्या तुकड्यावर, रोप उपटायचं आणि दुपारनंतर लावायला उतरायचं, हे त्यांनी जावेशी बोलून ठरवलं. "कामचुकार म्हणतील" ही धास्ती होतीच. त्यावर तोडगा मावशींचाच: आपण होऊन आधी सांगून टाकायचं, मग कुणी म्हणत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून लावणीपर्यंत दोन महिने हातात होते. व्यायाम मोजकेच दिले. जास्त दिले की एकही होत नाही. पाठीला उभी काठी लावून डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेली ठेवायची आणि खुब्यातून वाकायचं. उताणं पडून, गुडघे दुमडून कुल्ले वर उचलायचे. खाटेवरून हात न टेकता उठबस. रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. चिखलात पाय रुततो, घोटा वळतो, म्हणून चौकट धरून एका पायावर उभं राहणं आणि टाचा उचलणं. याच्या जोडीला वाकायची तालीम. पहिल्या आठवड्यात परसातल्या भाजीचं खुरपण पाचच मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं वाढवत जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं ओसरलं तर वाढवायचं, रेंगाळलं तर तेवढ्यावरच थांबायचं. पट्टा ओझं उचलताना बांधा म्हटलं, एरवी खुंटीला. तेल लावू का? लावा, बरं वाटतं. त्यानं ताकद येत नाही एवढंच.

अंगण सुनेकडे गेलं. त्याला तीन आठवडे लागले आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य.

खाचरातली शिस्त वेगळी. दर वीस मिनिटांनी उठा, असं सांगून उपयोग नाही, चिखलात मोबाइलचा गजर कोण ऐकणार? म्हणून मूठ संपली की नवी घेण्याआधी सरळ उभं राहायचं, हात कमरेवर, चार-पाच वेळा मागं झुकायचं. आणखी एक गोष्ट मला बोलता बोलता कळली. पूर्वी रानापर्यंत चालत जायच्या, आता मुलगा मोटारसायकलवर बांधापर्यंत सोडतो. म्हणजे गाडीवरून उतरलं की थेट वाकणं. त्याला अलीकडच्या ओढ्याशी सोडायला सांगितलं. तेवढं चालणं म्हणजेच अंग गरम करणं.

जुलैत चौथ्या दिवशी फोन आला. कंबर दुखत होती. आवाजात तीच जुनी धास्ती, "परत गॅप…" पाय ठीक, चालता येतंय, रात्री झोप लागली, हे विचारून घेतलं. अर्धा दिवस सुट्टी, शेक, पण अंथरूण नाही. घरात चालत राहा. दुसऱ्या दिवशी त्या राबावर बसल्या, तिसऱ्या दिवशी लावायला उतरल्या. दुखलं नाही असं नाही, पण त्या साली आठवडा अंथरुणात गेला नाही.

त्याच दिवसांत त्यांच्या शेजारणीचा निरोप आला की तिलाही व्यायाम सांगा, कंबर आणि पोटऱ्या फार दुखतात. अंगात ताप होता, डोळे लाल. तिला व्यायाम नाही, प्राथमिक आरोग्य केंद्र सांगितलं. भातखाचरात उंदीर-जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कोकणात तर पावसाळ्यात त्याची कायमची धास्ती असते. ताप आणि पोटऱ्यांची ठणक एकत्र आली की ती लावणीची अंगदुखी समजून घरी काढायची नाही. पायाला जखम असेल तर खाचरात उतरण्याआधी ती झाकायची.

कोजागिरीच्या सुमारास मावशी आपणहून आल्या. कापणी तोंडावर होती. कापणीला जमीन कोरडी, ऊन ऑक्टोबरचं, आणि अंगावर येतं ते निराळंच: विळ्यासाठी सारखं एका बाजूला वळणं आणि भारे डोक्यावर घेणं. उठबस आणि काठीचा व्यायाम तोच ठेवला, वळण्यासाठी पाऊल उचलून फिरायचं, कमरेत पिळायचं नाही, हे करून घेतलं. भारा लहान बांधा म्हटलं, तर म्हणाल्या, "लहान बांधला की खेपा वाढत्यात." वाढू देत म्हटलं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी भाऱ्याचा आकार त्यांनी ठरवला तोच राहिला, पण जमिनीवरून एकटीनं उचलायचा नाही, जाऊ समोर असल्याशिवाय भाऱ्याला हात लावायचा नाही, एवढं कबूल केलं. कोपराचं विचारलं तर म्हणाल्या, "त्ये पुढल्या साली बघू."