चार डिस्कचे नास यंत्र हप्त्यांवर घ्यावे का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील ज्या गोष्टींवर माझे उत्तर अवलंबून आहे, त्या आधी नोंदवतो. आपल्याकडे सुमारे अडीच टीबी माहिती आहे. त्यातील ४०० जीबी कुटुंबाची छायाचित्रे, घरगुती चित्रीकरण आणि कागदपत्रांच्या स्कॅन प्रती असून बाकी सर्व चित्रपट, मालिका आणि संगीत आहे. हे सारे दोन बाह्य हार्ड डिस्कवर विखुरलेले आहे, दरवर्षी त्यात अंदाजे ३०० जीबीची भर पडते आणि त्यांपैकी एक डिस्क आता फाइल वाचताना अधूनमधून त्रुटी दाखवू लागली आहे. घरात इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेला डेस्कटॉप पडून आहे, परंतु तो जुना झाला म्हणून आपण चार डिस्क बसणारे तयार नास यंत्र (घरातील नेटवर्कला जोडून सर्व उपकरणांना फाइल पुरवणारे साठवणयंत्र) आणि प्रत्येकी ८ टीबीच्या चार डिस्क २४ बिनव्याजी हप्त्यांवर घेण्याच्या विचारात आहात. हप्ते बसावेत म्हणून दोन वर्षे मासिक बचत थांबवण्याची आपली तयारी आहे. लिनक्सचे जुजबी ज्ञान असल्याचेही आपण लिहिले आहे.

माझे मत असे आहे की ही खरेदी करू नये आणि बचत तर अजिबात थांबवू नये. मात्र आपली गरज खरी आहे, आणि तिच्यातील एक भाग आपण समजता त्याहून अधिक तातडीचा आहे. पत्रातील ज्या वाक्याने मला काळजी वाटली, ते नव्या यंत्राविषयीचे नसून त्रुटी दाखवणाऱ्या डिस्कविषयीचे आहे. त्या डिस्कवरील कौटुंबिक फाइल दुसऱ्या कोठे आहेत की नाहीत, हे आपण लिहिलेले नाही. नसतील तर कोणते यंत्र घ्यायचे हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून याच आठवड्यात एक नवी डिस्क आणावी आणि आधी ते ४०० जीबी तिच्यावर उतरवून घ्यावेत. त्रुटी दाखवणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचे कोणतेही साधन चालवण्याआधी तिच्यावरील माहिती बाहेर काढणे आवश्यक असते, कारण दुरुस्तीच्या प्रयत्नात डिस्कवर नव्याने लिहिले जाते आणि जे वाचवता आले असते तेही हातचे जाऊ शकते.

आता क्षमतेकडे पाहू. ८ टीबीच्या चार डिस्कपैकी एकीएवढी जागा सुरक्षिततेसाठी राखली, तरी २४ टीबी वापरायला मिळतात. आपल्या आजच्या वेगाने ही जागा भरायला ७० वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि त्या डिस्क तर त्याच्या दशांश काळच भरवशाच्या राहतील. नास डिस्कवरची हमी बहुधा तीन वर्षांची आणि वरच्या श्रेणीत पाच वर्षांची असते. साठवणुकीची प्रति टीबी किंमत मधल्या चढउतारांसह दीर्घकाळात उतरतच आली आहे, त्यामुळे उद्या लागणारी जागा आज विकत घेणे बहुतेक वेळा महागात पडते. पाच वर्षांनी आपली माहिती सुमारे ४ टीबी होईल. ४ टीबीची डिस्क संगणकावर सुमारे ३.६४ टीबी एवढीच दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या, म्हणून ६ टीबीची डिस्क योग्य ठरेल. भर पडण्याचा वेग दुप्पट होईल असे वाटत असेल, तर ८ टीबीची घ्यावी, परंतु ती एकच.

चार डिस्कमुळे सुरक्षितता मिळते, हा आपला युक्तिवाद मला काळजीपूर्वक तपासावासा वाटतो, कारण या खरेदीचा सर्वाधिक खर्च त्याच समजुतीवर उभा आहे. डिस्क एकमेकींशी जोडून एक बिघडली तरी काम चालू ठेवणारी जी रचना असते, ती सेवा खंडित होऊ देत नाही, पण माहितीची दुसरी प्रत मात्र देत नाही. एकाच खात्याची दोन पासबुके ठेवली म्हणून शिल्लक दुप्पट होत नाही, तसेच हे आहे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि चोरी, आग किंवा विजेचा झटका संपूर्ण यंत्रालाच गाठतो. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि त्यानंतरच्या वर्षी डेडबोल्ट या, फाइल कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर प्रणालींनी इंटरनेटला थेट उघड असलेली घरगुती आणि लहान कार्यालयांतील नास यंत्रे वेठीस धरली, तेव्हा आतल्या डिस्क परस्परांशी कशा जोडल्या आहेत याने काहीही फरक पडला नाही. ज्यांच्याकडे वेगळी ठेवलेली प्रत होती, त्यांना खंडणी न देता फाइल परत मिळवता आल्या. दुकान किंवा कार्यालय चालवणाऱ्याला सेवा अखंड राहण्यासाठी पैसे मोजणे परवडते, कारण बंद पडलेला प्रत्येक तास त्याचे उत्पन्न बुडवतो. आपल्या घरी डिस्क बिघडून दोन दिवस चित्रपट पाहता आला नाही, तर कोणतेही आर्थिक नुकसान होणार नाही.

म्हणून जितक्या डिस्क घ्यायच्या त्या एकाच यंत्रात न कोंबता वेगवेगळ्या ठेवाव्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांच्या वर्तुळातून रूढ झालेला नियम आपल्या ४०० जीबींना पूर्णपणे लागू करावा. उरलेल्या २.१ टीबींना तो तितक्या काटेकोरपणे लावण्याची गरज नाही, कारण चित्रपट पुन्हा मिळवता येतात आणि मुलांच्या लहानपणीचे चित्रीकरण मिळवता येत नाही. प्रत्यक्षात एक ६ टीबीची डिस्क सर्व्हरला, म्हणजे घरभर फाइल पुरवणाऱ्या संगणकाला, कायम जोडलेली असावी, तेवढीच दुसरी डिस्क आठवड्यातून एकदा जोडून बॅकअप झाल्यावर काढून ठेवावी, आणि आपल्याकडील चांगल्या अवस्थेतील जुन्या बाह्य डिस्कवर केवळ ते ४०० जीबी कूटबद्ध करून (म्हणजे संकेतशब्दाशिवाय उघडणार नाहीत असे) एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावेत व काही महिन्यांनी अद्ययावत करावेत. डिस्क निवडताना तिची लेखनपद्धत उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावी. एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या डिस्क सलग आणि मोठ्या लेखनात मंदावतात. बॅकअपसाठी त्या चालतात, पण सर्व्हरच्या मुख्य डिस्कसाठी पट्ट्या वेगवेगळ्या ठेवणारी सीएमआर घ्यावी. नासकरिता विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही एसएमआर वापरली आहे आणि तसे स्पष्ट सांगितलेले नाही, हे २०२० मध्ये उघड झाले होते, त्यामुळे केवळ वेष्टनावरील नावावर विसंबू नये.

यानंतर प्रश्न उरतो तो या डिस्क कोणत्या यंत्राला जोडायच्या हा, आणि येथे खरेदीच्या किमतीपेक्षा चालवण्याचा खर्च मोठा ठरू शकतो. वर्षभर अखंड चालणाऱ्या उपकरणाचा प्रत्येक वॅट ८.७६ युनिट वीज घेतो. आपल्या जुन्या डेस्कटॉपसारखे संगणक रिकामे बसले असतानाही बहुधा ५० ते ७० वॅट खातात. त्यात डिस्कचे ५ वॅट मिळवून ७० वॅट धरले, तर वर्षाला ६१३ युनिट होतात. इंटेलचा एन१०० किंवा तत्सम कमी विजेचा प्रोसेसर असलेला मिनी पीसी एका डिस्कसह १५ वॅटच्या आसपास राहतो, म्हणजे वर्षाला १३१ युनिट. फरक ४८२ युनिटांचा आहे आणि पाच वर्षांत तो २,४०० युनिटांच्या पुढे जातो. आपल्या वीजबिलावरील वरच्या टप्प्याचा दर घेऊन त्याला ४८२ ने गुणावे आणि मिनी पीसीच्या किमतीला त्या आकड्याने भागावे. जे उत्तर येईल तितक्या वर्षांत नवे यंत्र आपली किंमत भरून काढते. ते तीन वर्षांच्या आत येत असेल, तर जुना डेस्कटॉप ‘फुकट’ आहे म्हणून वापरणे हा तोट्याचा व्यवहार आहे. माझा ७० वॅटचा आकडा हा अंदाज आहे, म्हणून प्लगमध्ये बसणारे वीजमापक लावून आपला डेस्कटॉप रिकामा असताना प्रत्यक्ष किती घेतो ते मोजूनच हा हिशेब करावा.

डेस्कटॉपच्या विरोधात दुसरेही एक कारण आहे. टीव्हीला फाइल आहे त्या स्वरूपात चालवता येते, तेव्हा सर्व्हरला जवळजवळ काहीच काम नसते. ती चालत नसेल, तर सर्व्हरला ती चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलून द्यावी लागते, यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. आजची पुष्कळशी ४के सामग्री १० बिटच्या एचईव्हीसी या व्हिडिओ आक्रसणाऱ्या स्वरूपात असते आणि इंटेलच्या सातव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरांतील चित्रविभाग (ग्राफिक्सचा भाग) ती पूर्णपणे हाताळत नाही. आपल्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर तो सगळा भार मुख्य गाभ्यांवर येईल, चित्र अडखळेल आणि वीजही अधिक जाईल. एन१०० हे काम आपल्या चित्रविभागात सहज करतो, शिवाय एव्ही१ हे त्याहून नवे स्वरूपही वाचतो. रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकाचा विचार मनात आला असेल, तर एवढे लक्षात घ्यावे की त्यात व्हिडिओ एन्कोडिंगसाठी स्वतंत्र हार्डवेअर नाही. फाइल सर्व्हर म्हणून किंवा टीव्हीमागे कोडी हे चित्रपट दाखवणारे सॉफ्टवेअर चालवण्यासाठी तो उत्तम आहे, ट्रान्सकोडिंगसाठी नाही. घरातील नेटवर्कवर मात्र वेगळा खर्च नको. ४के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेगही सेकंदाला दीडशे मेगाबिटांच्या आत आहे, आणि साध्या गिगाबिट केबलमधून त्याच्या कित्येक पट माहिती जाते. सर्व्हर वायफायवर न ठेवता राउटरला केबलने जोडला, की पुरे.

नवा मिनी पीसी महाग वाटला, तर कार्यालयांतून बाहेर पडलेला, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला लहान आकाराचा वापरलेला संगणक हा मला विशेष आवडणारा पर्याय आहे. त्यांतील अनेकांत साडेतीन इंची एक डिस्क आतच बसते, तर मिनी पीसीला ती स्वतंत्र वीजजोड असलेल्या बाह्य पेटीत ठेवावी लागते. यंत्र वापरलेले घ्यायला माझी हरकत नाही, डिस्क मात्र नवीच घ्यावी.

सर्व्हरवरील चित्रपट टीव्हीवर दाखवणाऱ्या प्रणालीवर (सॉफ्टवेअरवर) होणारा खर्चही यात धरायला हवा. जेलीफिन पूर्णपणे मोफत आहे आणि त्यातील हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठीही पैसे पडत नाहीत. प्लेक्स या तशाच दुसऱ्या प्रणालीत त्यासाठी सशुल्क सदस्यत्व लागते, आणि २०२५ पासून घराबाहेरून स्वतःच्याच फाइल पाहण्यासाठीही सामान्यतः पैसे द्यावे लागतात. तयार नास यंत्रात कंपनीच्या धोरणाचा धोका असतो. सिनॉलॉजी या नास बनवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये काही नव्या यंत्रांत प्रमाणित डिस्कच वापरण्याचे बंधन आणले आणि त्याच वर्षी ते सैल केले. तो निर्णय मागे गेला तरी पुढील पाच वर्षांत आपण कोणाची डिस्क घ्यायची, हे दुसऱ्याच्या हाती राहते एवढे त्यावरून कळते.

हप्त्यांबद्दल मला स्पष्ट लिहायला हवे. बिनव्याजी हप्त्यांत व्याज बहुधा दोन ठिकाणी दडलेले असते, एक प्रक्रिया शुल्कात आणि दुसरे रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या, पण आपल्याला नाकारल्या जाणाऱ्या सवलतीत. रोख किंमत किती, हे विक्रेत्याकडून लेखी विचारावे. फरक दिसला की तो २४ महिन्यांवर पसरून पाहावा. फरक शून्य निघाला, तरी दोन वर्षे थांबलेली बचत हा या खरेदीचा खरा खर्च आहे. बचतीची सवय मोडल्यानंतर ती पुन्हा लावणे किती कठीण जाते, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. मी सुचवलेली रचना टप्प्याटप्प्याने उभी राहते: या महिन्यात पहिली डिस्क, दोन-तीन महिन्यांनी यंत्र, त्यानंतर दुसरी डिस्क आणि एक लहान यूपीएस. प्रत्येक टप्पा त्या-त्या महिन्याच्या करमणुकीच्या व किरकोळ खर्चातून भागवावा, आपत्कालीन निधीतून नव्हे. सर्व मिळून जी रक्कम होईल तिचा साठावा भाग पुढे दरमहा वेगळा ठेवावा, म्हणजे पाच वर्षांनी डिस्क बदलण्याची वेळ येईल तेव्हा पैसे तयार असतील. मोठ्या प्रमाणावर हार्ड डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या कंपनीच्या प्रसिद्ध आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत दरसाल एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान डिस्क निकामी झालेल्या दिसतात. हा धोका लहान आहे, परंतु नेमकी कोणाची डिस्क जाईल हे आधी कळत नाही.

यासोबत एका कागदावर कोणती प्रत कोठे आहे, ती कशी उघडायची आणि कूटबद्ध डिस्कचा संकेतशब्द कोठे ठेवला आहे, हे लिहून घरातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला दाखवावे. विमा आणि खात्यांच्या यादीशेजारीच त्याची जागा आहे. आपल्यावाचून कोणालाच उघडता येणार नसेल, तर कूटबद्ध डिस्कवरची छायाचित्रे कुटुंबाच्या दृष्टीने गेल्यातच जमा होतील. वर्षातून एकदा बॅकअपमधून काही फाइल प्रत्यक्ष परत आणून पाहाव्यात.

माझा सल्ला दोन परिस्थितींत बदलेल. मोजणीत जुना डेस्कटॉप ३० वॅटच्या आत निघाला आणि आपला टीव्ही बहुतेक फाइल थेट चालवत असेल, तर नवे यंत्र न घेता त्यावरच लिनक्स टाकून काम सुरू करावे. आणि दर काही महिन्यांनी अद्ययावतीकरणे करणे, अडचण आली तर संध्याकाळ खर्च करणे हे आपल्याला नकोसे वाटणार असेल, तर दोन डिस्कचे तयार नास यंत्र घेण्यात काही गैर नाही. वेळेलाही किंमत असते आणि ती मोजणे योग्यच आहे. तरीही ते रोखीने घ्यावे, त्यात सुरुवातीला एकच डिस्क बसवावी, दुसरी बॅकअप म्हणून बाहेर ठेवावी, आणि कंपनीच्या सोयीचा दूरस्थ प्रवेश गरज नसल्यास बंद ठेवावा.

आपला,
एक आर्थिक नियोजक