‘जागतिकीकरण’ या शब्दातील ‘ई’

प्रश्न असा आहे : ‘जागतिकीकरण’ म्हणजे देशादेशांतील व्यापार वाढणे एवढाच अर्थ आहे का, त्याऐवजी ‘वैश्वीकरण’ म्हटले तर चालेल का, आणि या प्रक्रियेमुळे अर्थव्यवस्था एकमेकींशी ‘जोडल्या जातात’ असे म्हणतात ते नेमके कोणत्या अर्थाने?

शब्दाच्या घडणीकडे नीट पाहिले तर निम्मे उत्तर तिथेच मिळते. ‘जगत्’पासून ‘जागतिक’ झाला. त्याला ‘करण’ जोडताना मध्ये जी दीर्घ ‘ई’ आली, ती केवळ उच्चाराच्या सोयीसाठी आलेली नाही. संस्कृत व्याकरणात हे च्वि-प्रत्ययाचे रूप आहे आणि ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ संस्कृत व्याकरणकारांनी सांगून ठेवला आहे. जे शुद्ध नव्हते ते शुद्ध करणे म्हणजे शुद्धीकरण. तसेच जे जागतिक नव्हते ते जागतिक करणे म्हणजे जागतिकीकरण. ‘जागतिकिकरण’ असे ऱ्हस्व लिहिलेले अनेकदा वाचनात येते. ते लिहिताना ऱ्हस्वदीर्घाची चूक तर होतेच, पण शब्दाचा अर्थ ज्या अक्षरात साठवलेला आहे नेमके तेच अक्षर बिघडते.

आता आधी जागतिक नव्हते ते काय? व्यापार तर फार जुना आहे. रेशीम आणि मसाले शतकानुशतके समुद्र व वाळवंटे ओलांडत होते. परंतु तेव्हा एका प्रदेशात पूर्ण तयार झालेली वस्तू दुसऱ्या प्रदेशात विकली जात असे, आणि त्यासाठी ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ हा शब्द पुरेसा आहे. गेल्या काही दशकांत जागतिक झाले ते स्वतः उत्पादन. मोबाइलमधील प्रगत चिपचेच पाहा. तिच्यावरील अतिसूक्ष्म नक्षी अतिनील पट्ट्याच्या टोकाच्या, फार आखूड लहरींच्या (ईयूव्ही) प्रकाशाच्या ज्या यंत्राने उमटवतात, ते यंत्र नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. यंत्रातील आरसे जर्मनीतील झाइसकडून येतात. चिपचा आराखडा बहुधा अमेरिकेत तयार होतो, ती घडते तैवानमध्ये, आणि तिची तपासणी व बांधणी अनेकदा मलेशियात होते. अशी वस्तू कोणत्या देशाची, या प्रश्नाला एका देशाचे नाव सांगून उत्तर देता येत नाही. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिका, जर्मनी आणि जपानमधील मोटारींचे कारखाने काही काळ थांबले. ‘जोडल्या जाणे’ ते हे : एका ठिकाणची अडचण दुसऱ्या ठिकाणचे काम बंद पाडते.

हे शक्य कसे झाले, यात एका साध्या पोलादी पेटीचा वाटा फार मोठा आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. त्या काळी सुटा माल हातांनी चढवण्याचा खर्च टनामागे ५.८३ डॉलर धरला जाई. कंटेनरने तो सुमारे १६ सेंटवर आला. ट्रक, रेल्वे आणि जहाज यांना एकच पेटी चालू लागल्यावर वस्तूचे सुटे भाग चार देशांत करवून घेणे परवडू लागले. करारांची वाट त्याआधीच आखली जात होती : १९४७ मध्ये २३ देशांनी जकातींविषयीच्या ‘गॅट’ करारावर सह्या केल्या आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली.

वस्तूंपेक्षा भांडवल अधिक वेगाने फिरते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर शून्याजवळून वर्षअखेर चार टक्क्यांच्या वर नेला, तेव्हा पैसा डॉलरकडे वळला, इतर अनेक चलने घसरली आणि ज्या देशांनी डॉलरमध्ये कर्ज घेतले होते त्यांच्यावर तेच कर्ज अधिक जड झाले. निर्णय एका देशाचा होता, पण हप्ते अनेकांचे वाढले.

‘करण’कडेही दुर्लक्ष होऊ नये, असे मला मनापासून वाटते. ‘करण’ला कर्ता लागतो. आपण मात्र ‘जागतिकीकरण झाले’, ‘जागतिकीकरणामुळे असे घडले’ अशी वाक्ये लिहितो आणि पाऊस पडावा तसे ते आपोआप घडल्याचा भास निर्माण करतो. जकात कोणी कमी केली, कोणत्या करारावर कोणाची सही झाली, कारखाना कोणत्या संचालकांनी हलवला, हे विचारण्याची सोय शब्दानेच ठेवलेली आहे. ती आपण सोडून देऊ नये. जे केले जाते ते उलटवताही येते. १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने जकाती वाढवल्या, इतर देशांनी प्रत्युत्तर दिले आणि महामंदीत आधीच आकसत असलेला जागतिक व्यापार आणखी आकसला.

‘वैश्वीकरण’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि हिंदीत तो रुळलेला आहे, कारण तिथे ‘विश्व बैंक’ म्हणतात. मराठीत ‘वैश्विक’ म्हटले की ग्रहताऱ्यांसह अवघे विश्व डोळ्यांपुढे येते; अवकाशातून येणाऱ्या किरणांना आपण ‘वैश्विक किरण’ म्हणतो. पृथ्वीवरील व्यवहारांसाठी ‘जागतिक बँक’, ‘जागतिक आरोग्य संघटना’ अशी नावे स्थिर झालेली असताना ‘जागतिकीकरण’ हाच शब्द वापरावा, असे माझे मत आहे.

शेजारचे दोन शब्दही वेगळे ठेवावेत. सरकारने उद्योगावरील परवान्यांची बंधने सैल केली तर ते उदारीकरण, सरकारी कारखाना विकला तर खासगीकरण. परदेशांशी काडीचाही संबंध नसताना ही दोन्ही होऊ शकतात. विशेषण हवे असेल तर ‘जागतिकीकृत’ लिहावे, आणि उलट्या प्रक्रियेसाठी ‘निर्गुंतवणूक’च्या धर्तीवर ‘निर्जागतिकीकरण’ म्हणता येईल. उच्चाराला तो जड आहे, परंतु पुन्हा उंचावणाऱ्या जकातींविषयी लिहिताना त्याची गरज पडते.