दाराआड उभं राहणारं लेकरू आणि आबांचं चूर्ण

ताई, तुम्ही लिहिलंय की चार वर्षांचा मुलगा चार-चार दिवस शीला जात नाही, दाराआड जाऊन पाय आवळून उभा राहतो आणि वर चड्डीला सारखे डाग पडतात. सासूबाई एरंडेल द्या म्हणतात. आबांना रात्री चूर्ण घेतल्याशिवाय चैन पडत नाही. आधी लेकराचं सांगते.

तो दाराआड जोर करत नाहीये, रोखून धरतोय. आमच्या परभणीच्या घरात माझी पोरगी अशीच तांबडीलाल होऊन, टाचा वर करून उभी राहायची आणि आम्ही "कर, कर" म्हणत टाळ्या वाजवायचो! कधीतरी एकदा खडा झालेला असतो, चीर पडते, दुखतं. लेकरू ते विसरत नाही. पुढच्या वेळी कळ आली की दाबून धरतं. शी जेवढी आत राहील तेवढं मोठं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं, ती आणखी कडक होते आणि मग आणखी दुखतं.

डागांचं मला फार उशिरा कळलं. आत गोळा साचून जागा ताणली गेली की शी लागल्याची जाणीवच मंदावते, आणि वरची पातळ शी त्या गोळ्याच्या कडेनं झिरपते. लेकराला पत्ताही लागत नाही. मी त्याला जुलाब समजून तीन दिवस पोरीला नुसती पेज दिली, वर चड्डीवरून दोन धपाटेही घातले. ते आजही आठवतं.

एरंडेलानं एकदा पोट मोकळं होतं, पण मुरडा येतो आणि भीती पक्की होते. पानाचा देठ, साबणाची कांडी हेही घालू नका. ज्या जागेची भीती बसलीय तिथंच पुन्हा हात कशाला? बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ते आधी साचलेलं काढायचं औषध देतात, मग शी मऊ ठेवायचं. बहुतेकदा पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजचं सिरप असतं, मात्रा वजनावर ठरते. यांची सवय लागत नाही. उलट लवकर बंद करणं नडतं. मी पंधरा दिवसांत थांबवलं आणि महिन्याभरात सगळं पहिल्यापासून. आम्हाला आठ महिने लागले. मात्रा कमी करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

सोबत एकच शिस्त: जेवण झालं की ५-१० मिनिटं बसवायचं. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हालतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या (देवघरातला नको, आमच्याकडे त्यावरून रामायण झालं होतं). पाय लोंबकळत असले की जोर लागत नाही. झाली नाही तरी रागवायचं नाही. बसला म्हणून शाबासकी.

खाण्यात पहिल्यांदा दूध बघा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर कमी करा, म्हणजे भूक लागेल. बिस्किटांच्या जागी ज्वारीची भाकर वरणात कुस्करून, मुगाची उसळ, पेरू, पपई. पण आत गोळा बसलेला असताना नुसत्या भाकरीनं काम होत नाही, औषध लागतंच. बालवाडीतल्या संडासात पाणी असतं का, तेही विचारा. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा माझ्या बहिणीच्या घरी मोठी माणसंही बादली वाचवायला संडासची फेरी टाळायची. मग लेकरांचं काय सांगावं!

पोट फुगून हिरवी उलटी झाली तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. वजन वाढत नसेल किंवा जन्मल्यावर पहिली शी दोन दिवसांनंतर झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता आबा. रोज न होणं हा आजार नव्हे. दिवसाआड पण मऊ आणि विनासायास होत असेल तर चूर्ण कशाला? बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढकलते, पण मूळ कारण तसंच राहतं. इसबगोल चालेल, पण मोठा पेलाभर पाण्यासोबत. कोरडा गिळला तर तोच अडकून बसतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी विचारा. लोहाच्या, कॅल्शियमच्या, दुखण्यावरच्या काही गोळ्या, थायरॉइड, मधुमेह यांनीही पोट जड होतं. पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली, रक्त दिसलं, वजन उतरलं, तर मूळव्याध म्हणून मलम लावत बसू नका, तपासून घ्या. आणि आबांना नेताना गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. आमचे मामंजी तोंडी सांगताना निम्म्या विसरायचे आणि चूर्ण तर औषधात धरायचेच नाहीत.