वाचकांचे प्रश्न : ‘विषाणू आढळला नाही, तर गोळी कशासाठी?’

या महिन्यात एचआयव्हीच्या औषधांविषयी तीन पत्रे आली. तिन्ही वाचकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत काम करतो. अडीच वर्षांपासून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातील एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातून मिळणारी टीएलडीची, म्हणजे तीन औषधे एकत्र असलेली गोळी रोज रात्री घेतो. या वेळच्या अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ असे आले. मात्र वजन सात किलोंनी वाढले आहे, झोप नीट लागत नाही, आणि उपचारापूर्वी १.० असलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) आता १.१५ आहे. विषाणूच उरला नसेल, तर काही महिने गोळी थांबवून शरीराला विश्रांती द्यावी का?

उत्तर : गोळी थांबवू नये. हे कारणांसह सांगायला हवे, कारण आपला प्रश्न रास्त आहे आणि अहवालातील शब्दांमुळे कोणाचाही असा समज होऊ शकतो.

एचआयव्ही आपल्या रक्तातील सीडी-फोर या रोगप्रतिकारक पेशींत शिरतो. त्याची माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीत शिरल्यावर तो एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तिची डीएनएमध्ये नक्कल करतो, दुसऱ्या विकराच्या साहाय्याने ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये जोडतो, आणि त्यानंतर ती पेशीच नवे विषाणू तयार करू लागते. आपल्या गोळीत तीन औषधे आहेत. त्यांपैकी टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम ही पहिल्या टप्प्यावर काम करतात. गुजरीतील, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेतील कारागीर साज हा गळ्यातला दागिना ओवत असताना त्याच्या हाती आरपार भोक नसलेला मणी यावा आणि ओवण्याचे काम तिथेच अडावे, तशी ही औषधे डीएनएच्या साखळीत खोटा दुवा होऊन बसतात. तिसरे औषध, डोल्युटेग्रावीर ५० मिलिग्रॅम, हे जोडणी करणाऱ्या विकरालाच अडवते. म्हणजे ही गोळी विषाणूला थेट मारत नाही; नव्या पेशींमध्ये त्याचे बस्तान बसू देत नाही.

उपचार सुरू होण्यापूर्वीच काही पेशींच्या डीएनएमध्ये विषाणूची नक्कल जोडली गेलेली असते. यांतील काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात आणि त्यांच्यापुढे या तिन्ही औषधांचा इलाज चालत नाही, कारण औषधांनी अडवायचे टप्पे तिथे केव्हाच पार पडलेले असतात. ‘आढळला नाही’ याचा अर्थ रक्तातील विषाणूंची संख्या यंत्राला मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेली, एवढाच आहे. गोळी थांबवली की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. अशी ‘विश्रांती’ देऊन पाहण्याचा प्रयोग शास्त्रीय पद्धतीने झालेला आहे. सुमारे साडेपाच हजार रुग्णांवर झालेला हा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधे मधूनमधून थांबवणाऱ्या गटात आजार व मृत्यू अधिक दिसल्याने तो मुदतीआधीच थांबवावा लागला होता. विशेष म्हणजे हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे गंभीर विकारही औषधे थांबवणाऱ्यांमध्येच जास्त आढळले.

आता आपल्या तक्रारींकडे वळू. डोल्युटेग्रावीरमुळे काहींची झोप बिघडते, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे गोळीची वेळ सकाळी नेणे. ती जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर, केव्हाही चालते. कामाची पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर पाळीनुसार वेळ न बदलता सकाळची एखादी ठरावीक वेळ धरून ठेवावी. एखादे दिवशी विसरल्यास आठवण होताच घ्यावी, मात्र दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

क्रिएटिनिनच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा लागतो. मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकणारा एक मार्ग डोल्युटेग्रावीर अंशतः अडवते, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच त्याचे प्रमाण ०.१ ते ०.२ ने वाढते आणि तिथेच स्थिरावते. यात मूत्रपिंडाला इजा झालेली नसते. मात्र टेनोफोव्हिर काही जणांच्या मूत्रपिंडाला खरोखर बाधते आणि हाडांची घनताही थोडी कमी करते. म्हणून ‘गोळीने असे होतेच’ म्हणून हा आकडा सोडून देऊ नये. मागचे सर्व अहवाल एकत्र ठेवून वाढ सुरुवातीचीच आहे की अजून चालू आहे, हे केंद्रातील डॉक्टरांना पाहू द्यावे आणि लघवीतील प्रथिने व साखर तपासून घ्यावी. भट्टीजवळ काम करणाऱ्यांबाबत मला आणखी एक काळजी वाटते. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात आणि घामावाटे पाणीही पुष्कळ जाते. टेनोफोव्हिर चालू असताना हे दोन्ही एकत्र येणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. आपण अशा गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

वजनवाढीचा काही भाग हा आजारात गेलेले वजन परत येण्याचा असतो आणि काही भाग या औषधाशी निगडित असतो. त्यासाठी गोळी बंद करू नये, परंतु रक्तातील साखर व रक्तदाब यांची तपासणी मात्र करून घ्यावी.

पत्रात न विचारलेली, पण घरासाठी महत्त्वाची एक गोष्ट सांगतो. गोळी नियमित चालू असून विषाणू ‘आढळत नाही’ या पातळीवर टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही शाश्वती गोळी चालू असेपर्यंतच असते.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यात राहते. मला पाचवा महिना चालू आहे. एचआयव्हीच्या गोळीबरोबर लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आणि छातीत जळजळते म्हणून पातळ औषध घेते. सासूबाई म्हणतात की एवढी उष्ण औषधे बाळाला बाधतील.

उत्तर : सासूबाईंची काळजी मायेपोटीच आहे, पण बाळाला खरा धोका गोळी न घेण्यात आहे. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नियमित उपचारांनी ती पाच टक्क्यांच्या खाली, आणि विषाणू पूर्ण आटोक्यात असल्यास त्याहूनही पुष्कळ खाली येते. डोल्युटेग्रावीरविषयी २०१८ मध्ये बोट्स्वानातील नोंदींवरून बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंगाची शंका व्यक्त झाली होती. पुढे अधिक मातांच्या नोंदी जमा झाल्यावर ती टिकली नाही, आणि गरोदर स्त्रियांनाही आज हेच औषध दिले जाते.

आपल्याला लक्ष द्यावे लागेल ते वेळांकडे. लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम हे पोटात डोल्युटेग्रावीरला चिकटतात, आणि मग औषध रक्तात कमी उतरते. लोह किंवा कॅल्शियम जेवणाबरोबर घेतल्यास एचआयव्हीची गोळीही त्याच वेळी घेता येते. उपाशीपोटी घेणार असाल, तर एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. जळजळीचे पातळ औषध बहुधा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे असते. त्याच्याबाबत मात्र हे अंतर जेवणाबरोबरही पाळावेच लागते. प्रसूती रुग्णालयातच व्हावी, कारण बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध सुरू करावे लागते आणि सहाव्या आठवड्यात त्याची तपासणी होते.

प्रश्न : माझे वय ५८ आहे आणि २००८ पासून उपचार घेत आहे. सुरुवातीच्या गोळ्यांनी गाल बसले आणि तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. आता मधुमेहही निघाला असून मेटफॉर्मिन सुरू केले आहे. या नव्या गोळ्यांनीही तसेच होईल का?

उत्तर : आपण सांगता ती लक्षणे स्टॅव्ह्युडिन या जुन्या औषधाची ओळखीची लक्षणे आहेत. सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा स्वस्त आणि उपलब्ध असलेल्या औषधांत ते होते. त्याने अनेकांचे प्राण वाचवले, पण पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या भागांना इजा केल्याने चेहऱ्यावरील चरबी झडली आणि नसा दुखावल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. टीएलडीतील औषधांनी गाल तसे बसत नाहीत. जुनी हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. मुंग्या मधुमेहामुळेही येत असतात, म्हणून तळव्यांची तपासणी दोन्ही अंगांनी व्हायला हवी.

मेटफॉर्मिन देणाऱ्या डॉक्टरांना आपण डोल्युटेग्रावीर घेता हे ठाऊक आहे का? या औषधामुळे मेटफॉर्मिन रक्तात अधिक साचते, म्हणून त्याची मात्रा साधारणपणे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. एचआयव्हीबद्दल सांगायला संकोच वाटत असल्यास मधुमेहाची चिठ्ठी आधी एआरटी केंद्रात दाखवावी. तेथील डॉक्टर मात्रा ठरवून आपल्याला लिहून देऊ शकतील.