आधी विचार, त्याने हे काम केलंय का?

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. रेडिओलॉजीची, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचून निदान सांगण्याच्या शाखेची, जागा हातात आहे आणि 'पाच वर्षांत मशीनच रिपोर्ट काढेल' म्हणून ती सोडू का, असं विचारतोस. कोण म्हणतं हे? त्याने आयुष्यात एका तरी रिपोर्टवर सही केली आहे का? आधी हे विचार.

2016 साली एआय संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले, रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा, डीप लर्निंग, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून शिकणारं एआय, त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. माणूस आपल्या विषयातला जाणकार, पुढे 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला. मी भुलले. पुढच्याच वर्षी एक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली आणि मी तिला म्हटलं, दुसरं काहीतरी घे. रोज हे काम करणारी मी, ते कधीच न केलेल्या माणसाचं ऐकून! तेव्हा जो तो हेच बोलत होता, आणि मी तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. तरी चुकलंच. आज विभागाला माणसं मिळत नाहीत, रात्रपाळीला मीच बसते, तेव्हा ती आठवते. आपण फार सरसकट बोललो, हे हिंटन यांनी नंतर मान्य केलं. आपल्याला फक्त प्रतिमा तपासण्याबद्दल म्हणायचं होतं, असं ते म्हणाले. मी तिला अजून फोन केलेला नाही.

गेल्या महिन्यात सॉफ्टवेअरने छातीच्या एका एक्स-रेवर चौकोन आखला. गाठीचा संशय. डाग खरोखरच होता, मशीन चुकलं नव्हतं. बाहेर जाऊन आजोबांना विचारलं, पूर्वी टीबी झाला होता का? त्यांच्या पिशवीतून कडा दुमडलेली जुनी फिल्म निघाली. व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर, लावली. तोच डाग, तेवढाच. कित्येक वर्षांपूर्वी भरून आलेला व्रण. पिशवीत काय आहे हे चौकोनाला कुठून कळणार?

मशीन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये 80 हजार स्त्रियांच्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, चाचणीत एआयमुळे डॉक्टरांचा प्रतिमा वाचनाचा भार 44 टक्के कमी झाला. वाचनाचा! हा शब्द नीट बघ. सर्जनशी फोनवर बोलणं, कोणती तपासणी करायचीच नाही हे ठरवणं, शंका असेल तर तसं स्पष्ट लिहून खाली आपलं नाव घालणं, हे त्यात कुठे आलं? एक तुकडा गेला की काम गेलं, असं त्यांनाच वाटतं ज्यांनी ते काम केलेलं नाही. किती वेळा सांगू तुला!

सोमवारी सकाळी ये. तोवर जागा सोडायचा अर्ज भरू नकोस. दिवसभर माझ्या शेजारी बस आणि मी स्क्रीनकडे किती वेळ बघते, माणसांशी किती वेळ बोलते, ते घड्याळ लावून मोज. मग नाही म्हणालास तरी चालेल, निदान स्वतः पाहून म्हणशील.

डबा आण, जेवायला उशीर होतो.