सेन्सरी रूममध्ये नक्की होतं काय? वाचकांचे प्रश्न

या वेळी ऑटिझम आणि सेन्सरी रूमवर (म्हणजे दिवे, आवाज, स्पर्श, झोके यांतून इंद्रियांना अनुभव देणारी खोली) एवढे प्रश्न आलेत की झोप, दात घासणं वगैरेवरचे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, राग मानू नका.

प्रश्न: माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, दिवाळीनंतर ऑटिझमचं निदान झालं. आमच्या इथल्या सेंटरमध्ये नवीन सेन्सरी रूम झालीय, निळे दिवे, बुडबुड्यांची मोठी नळी, बॉल पूल, झोके असं सगळं. तीन महिन्यांचं पॅकेज घेतलंय. आम्ही बाहेर बसतो, काचेतून दिसतं की तो त्या नळीला चिकटून शांत बसलाय. पण घरी आला की परत सोफ्यावरून उड्या आणि मिक्सर लावला की कान झाकून रडणं. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात, सेंटरच्या थेरपिस्ट मॅडम म्हणतात धीर धरा. नक्की काय समजायचं?
– एक आई, चिंचवड

उत्तर: ताई, तुमच्या पॅकेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय असं मला वाटतं, आणि हे बऱ्याच ठिकाणी होतंय.

दिवे, बुडबुड्यांची नळी, मंद संगीत असलेली खोली ही मूळची नेदरलँड्सची. तिथे एडे गावाजवळ हार्टेनबर्ग म्हणून संस्था आहे, तिथे १९७०च्या दशकात यान हुल्सेगे आणि आद व्हेर्हुल या दोघांनी ती कल्पना रुजवली, आणि तीसुद्धा गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना चार निवांत, आनंदाचे क्षण मिळावेत म्हणून, आजार बरा करायला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी, ती अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या थेरपिस्टने) मांडली. त्यात मूल चिकटून बसत नाही, ते चढतं, लोंबकळतं, ढकलतं, झोक्यावर पालथं पडून बीनबॅग उचलतं आणि थेरपिस्ट सारखी त्याच्याबरोबर असते, प्रत्येक खेळामागे तिच्या डोक्यात काहीतरी ठरलेलं असतं. म्हणून काचेतून बघताना मॅडम काय करतायत तेही बघा. मोबाईल बघत असतील तर ती थेरपी नाही, मग खोली कितीही भारी असू दे.

आता फायदा. अमेरिकेत २०१४ साली ३२ मुलांवरचा एक छोटा अभ्यास आला होता, त्यात घरच्यांनी ठरवलेल्या छोट्या छोट्या उद्दिष्टांमध्ये सेन्सरी इंटिग्रेशन घेतलेल्या मुलांची प्रगती जास्त दिसली. नंतर २०२२ला ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, ४ ते ११ वर्षांची १३८ मुलं, त्यात मात्र चिडचिड, आदळआपट यांत नेहमीच्या सेवेपेक्षा वेगळा फरक पडला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१२मध्येच म्हटलं होतं की एकूण उपचारातला एक भाग म्हणून चालेल, पण पुरावा तोकडा आहे हे पालकांना स्पष्ट सांगा. तुम्हाला ते कुणी सांगितलंय का? नसेल सांगितलं तर मिस्टरांचा राग मला समजतो.

आणि खोलीबद्दल मला सगळ्यात कामाचा वाटलेला अभ्यास कार्डिफ विद्यापीठाचा आहे. ४ ते १२ वर्षांच्या ४१ ऑटिस्टिक मुलांना त्यांनी सेन्सरी रूममध्ये नेलं, एकदा दिवे-आवाज मुलाला स्वतःला बदलता येत होते आणि एकदा नाही. सामान तेच, पण ताबा मुलाकडे असताना लक्ष जास्त टिकलं आणि तेच तेच हातवारे, हालचाली कमी झाल्या. तेव्हा पुढच्या वेळी विचारा की नळीचा रंग बदलायचं बटन कुणाकडे असतं. ते मुलाच्या हातात द्या म्हणावं. बटन दाबलं की लाल झालं, मॅडमकडे बघितलं, मॅडम म्हणाल्या "अरे लाल!", मग परत दाबलं. आता त्या नळीत दोघांचा खेळ आला, आणि बोलणं सुरू व्हायला असलेच खेळ लागतात. नुसतं चिकटून बसण्यात विश्रांती आहे, तीही वाईट नाही, फक्त तिला थेरपीचा दर लावू नये.

तुमच्या मुलाचं कान झाकणं आणि उड्या मारणं या दोन उलट्या गोष्टी आहेत. आवाज त्याला नको तेवढा टोचतो, आणि शरीराला मात्र धक्के, दाब कमी पडतात म्हणून तो उड्या मारून ते मिळवतो. एकाच मुलात दोन्ही असू शकतं, २०१३पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतही हे आलंय. म्हणून सेंटरकडून लेखी उद्दिष्ट घ्या, रोजच्या जगण्यातलं, मोजता येईल असं. "सेन्सरी सुधारणा" असलं काही नको. "मिक्सर लावायच्या आधी सांगितलं तर दुसऱ्या खोलीत जाईल, रडणार नाही" असं हवं. तीन महिन्यांनी ते बघा, हललं नसेल तर पॅकेज वाढवू नका आणि ते पैसे बोलण्या-खेळण्याच्या कामाकडे वळवा.

हो, आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे. आशियातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा कमला निंबकरांनी १९५०मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातच सुरू केली, म्हणजे शिकलेली माणसं महाराष्ट्रात आहेत, दोन दिवसांच्या वर्कशॉपच्या सर्टिफिकेटवर समाधान मानायचं कारण नाही.

प्रश्न: आमच्याकडे सेंटर नाही. मुलगी पाच वर्षांची आहे. ऑनलाइन सेन्सरी रूमचा सेट चाळीस हजारांना मिळतोय, दिवे, वजनदार ब्लँकेट, छताला लावायचा झोका. घ्यावा का? कर्ज काढावं लागेल.
– एक वडील, परभणी जिल्हा

उत्तर: दादा, कर्ज काढून तर अजिबात नको. आधी आठवडाभर तिच्याकडे नुसतं बघा. ती कशाकडे धावते, कशापासून पळते, कधी बिघडतं, बिघडल्यावर कशाने सावरते. हे एका वहीत लिहा. तिला दाब आवडत असेल तर गोधडीत गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवून लोळवा, कणीक मळायला द्या, पाण्याची छोटी कळशी उचलू द्या, गादी भिंतीपर्यंत ढकलायला लावा. झोका हवा असेल तर जुन्या लुगड्याची झोळी आपल्याकडे नवीन नाही, फक्त कडी आणि गाठ आधी मोठ्या माणसाने लोंबकळून बघायची. परातीत तांदूळ किंवा रवा घालून त्यात खेळणी लपवा, पण तोंडात घालायची सवय असेल तर शेजारून उठू नका. एक कोपरा, दोन उशा, वरून ओढणी, आणि चालू-बंद तिला करता येईल असा एक दिवा. झालं.

सेटमधल्या दोन गोष्टींची मला खरंच भीती वाटते. एक, लुकलुकणारे दिवे. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि लुकलुकीने काहींना फिट येऊ शकते. दुसरं ते वजनदार ब्लँकेट. ब्रिटनमध्ये ६७ ऑटिस्टिक मुलांवर बघितलं गेलं, झोप काही वाढली नाही, २०१४ची गोष्ट. आणि जे मूल स्वतःहून अंगावरून बाजूला करू शकत नाही त्याच्यावर वजन टाकणं जिवावर बेतू शकतं. कोपऱ्याला दार-कडी नको, आणि "त्रास दिलास तर कोपऱ्यात जा" हे तर कधीच नको, नाहीतर शांत व्हायची जागा शिक्षेची होऊन बसते.

जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे लवकर उपचार केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे, पैसे पडत नाहीत. सगळीकडे सगळे थेरपिस्ट रोज नसतात, म्हणून कोणत्या वारी कोण येतं ते आधी विचारून जा. वही बरोबर न्या.

प्रश्न: नात चार वर्षांची, सारखी गोल गोल फिरते. आम्हालाच चक्कर येते. हात धरून थांबवावं का?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर: आजी, टेबलाचे कोपरे बाजूला करा आणि फिरू द्या. तिला ते हवंसं वाटतंय म्हणून फिरते, हात धरलात की ती दुसरं काहीतरी शोधेल. जमलं तर तुम्ही "एक, दोन, तीन, थांब!" म्हणा, थांबली की टाळी, मग परत. फक्त मध्येच डोळे एका जागी थिजतात, हाक ऐकू येत नाही, अंग सैल पडतं असं काही दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मी बालवाडीत शिकवते. वर्गात एक ऑटिस्टिक मुलगा आहे, संस्था म्हणते रिकाम्या खोलीत सेन्सरी रूम करू. करावी का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर: बाई, आधी वर्ग बघा. फडफडणारी ट्यूबलाइट बदला, त्याची जागा दारातून उचलून भिंतीकडे न्या, घंटेच्या आधी त्याला खुणेने सांगा, कान झाकायचे हेडफोन दप्तरातच असू देत. एवढं झाल्यावरही लागली तर खोली करा, पण त्याला स्वतःला "मला जायचंय" हे सांगता आलं पाहिजे, चित्राच्या कार्डाने का होईना. आणि दोन-चार मित्रांनाही आत येऊ द्या, तो एकटाच तिकडे दिसायला लागला तर पालकांच्या ग्रुपवर काय चर्चा होते ते तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न: थेरपीचा खर्च इन्शुरन्समध्ये बसतो का?
– नाव नको, ठाणे

उत्तर: नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना बघा. ऑटिझम असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात ओपीडीतल्या थेरपीलाही काही रक्कम असते. वयाची अट नाही, आधी मेडिकल टेस्ट नाही, पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते काढायला आधी लागा. दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका, आणि सेंटरकडून प्रत्येक वेळी तारीख-शिक्क्याची पावती मागा. वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशोब क्लेमला चालत नाही.